दादर टीटीच्या फोटोतली आजोबांची मोटरसायकल कुठली?

नायगावकर

नमस्कार मंडळी. बाबांच्या जुन्या पेटीत आजोबांचा एक फोटो सापडला, पोस्टकार्डापेक्षा जरा लहान. मागे आजीच्या अक्षरात "दादर टीटी, दसरा" एवढंच. साल नाही. ट्रामचे रूळ स्पष्ट दिसतात, म्हणजे ३१ मार्च १९६४ ला ट्राम बंद झाली त्याच्या आधीचा, इथपर्यंत माझं मी आले. फोटो स्कॅन करून सोबत लावलाय.

गाडीची उजवी बाजू आपल्याकडे आहे. आजोबा पलीकडे उभे, एक हात बाबांच्या पोटाशी. बाबा टाकीवर बसलेत, दोन्ही पाय अलीकडे सोडून, आणि नेमके टाकीवरच्या नावावर. शाळेत जायला लागलो नव्हतो, एवढंच त्यांना आठवतं. हेडलाइट झेंडूच्या माळेखाली गेलाय. पुढच्या मडगार्डवर ती जुनी उभी नंबरप्लेट आहे, तिच्यावर बी आणि एम ही दोन अक्षरं वाचता येतात, पुढचं माळेनं झाकलंय.

काका म्हणतात बुलेट, विषय संपला. पण आजी कधीच बुलेट म्हणत नसे. ती म्हणायची "माचीस". "माचीस काढली का?", "माचीस भिजतेय, ताडपत्री टाका." आजोबा विडीला हात लावत नसत, त्यामुळे आम्ही समजायचो की एका किकला काडी ओढल्यासारखी पेटायची म्हणून माचीस.

बाबा आता शहात्तर वर्षांचे आहेत. हल्ली कालचं विसरतात, पण हा फोटो हातात दिला की बराच वेळ बोलत राहतात. त्यांना गाडीचं खरं नाव सांगता आलं तर फार बरं वाटेल.

माहीमची खाडी

एका सिलिंडरची, काळी, जड. माझ्या मते काका बरोबर. मद्रासला बुलेट १९५५ पासून जुळायला लागली होती. नंबर बीएमचा आहे म्हणजे गाडी मुंबईतच, महाराष्ट्र होण्याआधी नोंदलेली. काळ जुळतो.

सायडिंग

बीएसए एम२० वाटते. दुसऱ्या महायुद्धात सव्वा लाखाच्या आसपास बनल्या होत्या, आणि युद्ध संपल्यावर डिस्पोजलच्या, म्हणजे लष्करानं काढून टाकलेल्या मालाच्या, लिलावात आपल्याकडे भरपूर विकल्या गेल्या. आमच्या गल्लीतल्या दूधवाल्याकडे होती.

लालबागचा फिटर

राम राम ताई. ही मॅचलेस आहे. जी३एल, साडेतीनशे सीसी. चाळीस वर्षं लालबागला गाड्या उघडल्या, त्यात ह्या जातीच्या पाच-सहा माझ्या हातून गेल्या. नुसतं नाव सांगून काका ऐकायचे नाहीत, म्हणून कारणासकट सांगतो.

आधी बुलेट. १९४९ ला नवी बुलेट आली ती मागच्या शॉकअपसकट. तुमच्या फोटोत मागचं चाक थेट चेचिसला बसलंय, स्प्रिंग काय ती सीटखाली. आणि सीटखाली उजवीकडे जो काळा डबा दिसतो, ती ऑइलची टाकी. बुलेटला अशी वेगळी टाकीच नसते, तिचं ऑइल इंजिनच्या पोटात.

एम२० म्हणजे साइड व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी. तिच्या सिलिंडरला पुशरॉडच्या (वरचे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांच्या) नळ्या दिसणार नाहीत आणि पुढे गर्डर फोर्क, मध्ये एक मोठी स्प्रिंग. इथे सिलिंडरच्या उजव्या अंगाला दोन नळ्या उभ्या आहेत आणि पुढे टेलिस्कोपिक फोर्क, नळीत नळी सरकणारे. हे फोर्क मॅचलेसनं १९४१ मध्ये लष्करी जी३एलला लावले, तेव्हा ब्रिटिश लष्कराच्या बाकीच्या गाड्या गर्डरवरच धावत होत्या. चालवणाऱ्या शिपायांचा ह्या गाडीवर जीव होता, तो ह्या फोर्कमुळे.

आता खरी पंचाईत, ती एजेएसची. १९३१ ला मॅचलेसवाल्यांनी एजेएस विकत घेतली. युद्धानंतर लंडनला प्लमस्टेडच्या एकाच कारखान्यातून एजेएस १६एम आणि मॅचलेस जी३एल निघायच्या. बोअर ६९ मिमी, स्ट्रोक ९३ मिमी, दोघींचं एकच. टाकीवरचं नाव झाकलं की भलेभले चुकतात. पण मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी देणारा भाग, बघायचा. एजेएसचा सिलिंडरच्या पुढे, मॅचलेसचा मागे. १९५२ च्या मॉडेलला मॅचलेसचाही पुढे नेला. तुमच्या फोटोत मॅग्नेटोची चेन झाकणाऱ्या टायमिंग कव्हरची चोच मागे, सीटच्या दिशेनं वर गेलीय. म्हणजे मॅचलेस, आणि १९५१ पर्यंतची.

कुणी म्हणेल बीएसए बी३१ आणि एरियलचाही मॅग्नेटो मागेच असतो. असतो, पण त्याच्या डोक्यावर दिव्याला वीज देणारा डायनॅमो बसलेला असतो, पोराला खांद्यावर घ्यावं तसा. इथे मॅग्नेटो एकटा आहे. ह्या गाडीचा डायनॅमो खाली, इंजिनच्या प्लेटांमध्ये. शिवाय बी३१ च्या दोन्ही पुशरॉडना मिळून एकच कव्हर.

गाडी डिस्पोजलची असावी असं मला वाटतं. उजवा फुटरेस्ट नुसता लोखंडी आहे, रबर नाही. १९४२ ला मलाया जपानकडे गेला, रबर मिळेना, तेव्हा लष्करी गाड्यांना लोखंडी फुटरेस्ट आणि हँडलला कॅनव्हासच्या मुठी देत. तरी रबर झिजून गळालेलंही असेल, म्हणून नुसत्या फुटरेस्टवर मी जाणार नाही. आरसी बुक मिळालं तर इंजिन नंबर बघा. युद्धानंतरच्या गाड्यांना नंबराच्या आधी सालाचे दोन आकडे असायचे, ४७ नाहीतर ४८ असे.

आणि ताई, आजी बरोबर बोलत होत्या. मॅचलेसची माचीस. लालबागचे जुने फिटर "माचलीस" म्हणायचे.

बाबांना एक विचारा. गाडी डाव्या बाजूनं ऑइल गाळायची का? हिचं प्रायमरी चेनचं (इंजिनपासून क्लचपर्यंतच्या चेनचं) कव्हर पत्र्याचं, दोन भागांत, सांध्यावर रबरी पट्टा आणि वरून पत्र्याची पट्टी आवळलेली. नवा पट्टा घातला तरी महिन्याभरात थेंब पडायला लागायचा.

नायगावकर

दादा, तुमचं उत्तर मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आधी भिंग घेऊन बसलो दोघं. चोच मागेच आहे! मी आतापर्यंत तो भाग सायलेन्सरचाच समजत होते.

"मॅचलेस" म्हटल्यावर बाबांनी दोनदा ते म्हणून बघितलं, मग म्हणाले, "म्हणजे आई नावच घेत होती की."

डावीकडच्या ऑइलचं विचारलं, तर लगेच उत्तर आलं. जिन्याखाली गाडी लावली की आजी तिच्याखाली कान तुटलेली पितळी परात सरकवायची, डाव्या बाजूनं, स्टँडच्या जरा पुढे. जागा त्यांनी मला जमिनीवर हात ठेवून दाखवली. परातीतलं ऑइल ती फेकत नसे. कापसाचा बोळा बुडवून चाळीतल्या बिऱ्हाडांच्या बिजागऱ्यांना लावून यायची. दिवाळीच्या आधी तर शेजारणी वाटी घेऊन यायच्या म्हणे. हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

काकांना फोन केला. ते अजून बुलेटच म्हणतायत, पण आरसी बुक त्यांच्या कपाटात असावं असंही म्हणाले. रविवारी जाऊन बघते आणि इंजिन नंबर इथे टाकते.