योद्ध्याची शक्ती आणि आपल्याकडची सिद्धी

एकांनी लिहिलंय की कार्लोस कास्तानेदाच्या पुस्तकांतला गुरू दॉन हुआन ज्या साधकाला 'योद्धा' म्हणतो, तो म्हणजे गीतेतला स्थितप्रज्ञच, फक्त शब्द वेगळे. मला हे निम्मंच पटलं. (कास्तानेदाचं पहिलं पुस्तक १९६८ चं. दॉन हुआन खरोखर होता का, यावर अनेक मानववंशशास्त्रज्ञांनी शंका घेतली आहे, पण शिकवण तपासायला त्याची अडचण नाही.)

मृत्यू डाव्या खांद्यामागे उभा आहे, त्याचा सल्ला घेऊन वाग, हे दॉन हुआनचं सांगणं बौद्धांच्या मरणसतीच्या, म्हणजे मृत्यूचं स्मरण ठेवण्याच्या साधनेच्या, अगदी जवळ जातं. फळावर डोळा न ठेवता जीव ओतून काम करणं तर गीतेतलंच. संक्रांतीला आमच्या सोलापुरात सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतला नंदीध्वज, म्हणजे उंच काठीचा ध्वज, पेलणाऱ्याला जवळून बघा. अंगातली पांढरी बाराबंदी घामानं चिंब, नजर वर टोकाकडे, आणि भोवतालच्या गर्दीचं त्याला भानही नसतं. योद्ध्याची सावधानता म्हणतात ती मला तिथे दिसते.

पण पुढे वाटा फुटतात. योद्ध्याला शक्ती साठवायची असते. पतंजली मात्र सिद्धींना समाधीतला अडथळा म्हणतो, आणि बुद्ध तर साठवणाऱ्या 'मी'लाच हात घालतो. शिवाय त्या योद्ध्याची वाट एकट्याची आहे. सगळ्यांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या बोधिसत्त्वाची करुणा मला त्यात कुठे सापडली नाही.

आपल्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांचीच कथा घ्या. ते तळं खोदून घेत होते, लोकांच्या पाण्यासाठी. तिथे लिंगायत संत अल्लमप्रभू आले आणि एवढ्या पुण्यकर्मातही कर्तेपणा उरलाय, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. मग सिद्धराम त्यांच्यासोबत बसवेश्वरांच्या कल्याणला (आजचं बसवकल्याण) गेले. दॉन हुआननं त्या तळ्याकाठी काय सांगितलं असतं, असं तुम्हाला वाटतं?