मका की गवत?

अमेरिकेत बीफची गुरं जन्मापासून कोंडून मक्यावर पोसतात, असं अनेकदा म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. नेब्रास्का राज्यातल्या सँडहिल्स म्हणजे वाळूच्या टेकड्या, वर गवताची पातळ साय. नांगर घातला की वाळू उडते, म्हणून तिथे गुरंच चारतात. वासरू सहा-आठ महिने आईजवळ कुरणात असतं, दूध तुटल्यावरही बरीच वासरं काही काळ चाऱ्यावरच वाढतात. शेवटचे चार-सहा महिने फीडलॉट, म्हणजे गुरं कोंडून दाण्यावर पोसायचं आवार, आणि मका.

खरी कसोटी त्या बदलात. एकदम दाणा घातला की पोटात आम्ल वाढतं, जनावर खाणं सोडतं, कधी दगावतं. म्हणून साधारण तीन आठवडे दाणा हळूहळू चढवतात. रोज सकाळी गव्हाणीत किती उरलंय ते बघूनच त्या दिवसाचा खुराक ठरतो.

निव्वळ गवतावर जनावर तयार व्हायला बहुधा दोन-अडीच वर्षं लागतात आणि तेवढा काळ ते मिथेन हा हवामान तापवणारा वायूही सोडत राहतं. तरी मला कुरणच पटतं. पावसानंतर फीडलॉटच्या चिखलात बसायला कोरडी जागा शोधणारी जनावरं बघवत नाहीत. मांस घेताना मात्र नुसत्या 'ग्रास-फेड' (गवतावर पोसलेलं) शिक्क्यावर जाऊ नका. अमेरिकी कृषी खात्याने त्याचं ऐच्छिक मानक 2016 मध्ये मागे घेतलं. शेवटपर्यंत गवतावरच होतं का, हे विक्रेत्याला विचाराच.