सोसायटी ग्रुप : काकूंच्या सुट्टीतल्या प्रेमकथा

१०२ वहिनी: काकू, लिफ्टमध्ये म्हणालात ना, मे महिन्यात नुसत्या प्रेमकथाच वाचल्या म्हणून? मला एखादी सुचवा की. रडून डोळे सुजतील अशी नको.

२०१ काकू: सुचवते, पण नंतर नावं ठेवायची नाहीत. आधी ‘ययाति’. कॉलेजात वाचली तेव्हा मी देवयानीवर दातओठ खाल्ले होते. आता साठीत वाचली, तर ययातीचाच संताप आला. शर्मिष्ठा राजकन्या, तिची झाली दासी. याच्यापासून मूल झालं, तर ते लेकरू घेऊन पळायची पाळीही तिच्यावरच. आणि हा बाबा पानंच्या पानं स्वतःच्या दुःखाचं कीर्तन करतोय! शेवटी पोटच्या पोराकडं तारुण्य मागतो. याला प्रेमकथा म्हणायचं? ही हावरटपणाची गोष्ट. बरं झालं, खांडेकरांनी देवयानी आणि शर्मिष्ठेलाही आपापल्या तोंडानं बोलू दिलंय. नाहीतर याचंच खरं मानलं असतं.

४०३ सर: काकू, जरा जपून. खांडेकर आपल्या सांगलीत जन्मले, १८९८ साली. ‘ययाति’ १९५९ ची. १९७४ चं ज्ञानपीठ आहे तिला.

२०१ काकू: सर, लेखक गावचा म्हणून ययातीला जावई करून घेऊ का? ज्ञानपीठाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण उपमा फार हो. मधेच उठून चहा टाकून आले तरी चंद्र तिथंच होता.

सेक्रेटरी: उद्या स. ९ ते १२ टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवावे.

३०४ ची लेक: काकू ‘दुनियादारी’ वाचली का?? मी पिक्चर चारदा बघितलाय 😍

२०१ काकू: वाचली गं. पिक्चर २०१३ चा, शिरवळकरांचं पुस्तक १९८२ चं. कट्ट्यावरची पोरं एकमेकांवर जीव टाकतात ते अगदी पटतं. पोरींच्या मनातलं मात्र हाती लागत नाही. शिरीनला घरी बोलवावं, पोहे द्यावेत आणि विचारावं, बाई, तुझं काय म्हणणं आहे? तरी रात्री दीडपर्यंत जागून संपवली, खोटं कशाला बोलू.

१०२ वहिनी: मग आवडली कुठली?

२०१ काकू: बोकिलांची ‘शाळा’. आणीबाणीचे दिवस, नववीतला जोशी, आणि आज शिरोडकर बघते का नाही, एवढ्यावर त्याचा दिवस ठरतो. घडत म्हणाल तर फारसं काही नाही, पण छातीत धडधडतं. आमच्या वेळी आमराईत असंच एकजण रोज सायकलची चेन बसवत उभा असायचा. चेन कधी पडलेली नसायचीच.

२०१ काका: कोण?

२०१ काकू: तुम्ही नव्हतात एवढं नक्की.

४०३ सर: 😂🙏

१०२ वहिनी: काकू, दोन्ही द्या ना. ‘ययाति’ पण.

२०१ काकू: देते, पण ती २०१९ च्या पुरातली आहे. तेव्हा आम्ही गावभागात राहायला. खालच्या फडताळातली सगळी पुस्तकं गेली, ही तेवढी गच्चीत वाळवून वाचवली. फुगून विटेएवढी झालीय आणि मधली पाच-सहा पानं चिकटलीत. ओढून सोडवू नकोस हं. त्यात ययातीच बोलतोय, काही अडत नाही.

१०२ वहिनी: येते संध्याकाळी. भडंग केलंय, डबा घेऊनच येते.

सेक्रेटरी: टाकीचं कोणी वाचलं का?