विषय: शाळेत आफ्रिकेचा इतिहास – धडे तयार करायला मंडळातून मदत हवी

प्रेषक: वैशाली

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या तयारीच्या मेलांमध्ये हा जरा वेगळा विषय, पण कृपया शेवटपर्यंत वाचा. मी इथल्या एका प्राथमिक शाळेत इयर फाइव्हला, म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या मुलांना शिकवते. इंग्लंडच्या अभ्यासक्रमात की स्टेज टूच्या (सात ते अकरा वर्षांच्या) मुलांना युरोपबाहेरचा एक समाज शिकवायचा असतो. पर्याय तीन: इ.स. ९०० च्या सुमाराचं बगदाद, माया संस्कृती किंवा पश्चिम आफ्रिकेतलं बेनिन, इ.स. ९०० ते १३००. आमच्याकडे वर्षानुवर्षं माया चालत आलंय, कारण त्याचं साहित्य आयतं मिळतं. आता बेनिन घ्यायचं ठरलंय आणि सहा तासांचे धडे लिहायचं काम माझ्याकडे आलंय.

माझ्या वर्गात नायजेरिया, घाना, सोमालियातल्या घरांमधली मुलं आहेत. त्यांच्या वाट्याला ऑक्टोबरच्या ब्लॅक हिस्टरी मंथमध्ये काय येतं, तर गुलामांची जहाजं आणि मग थेट अमेरिकेतला लढा. आफ्रिकेत माणसं राज्यं चालवत होती, व्यापार करत होती, धातू ओतत होती, हे त्याआधी कुठे येतच नाही. ते मला आधी शिकवायचंय.

मला तीन प्रकारची मदत हवी आहे: नकाशे काढून देणारं कोणी, धडे वाचून चुका दाखवणारं कोणी, आणि पश्चिम आफ्रिकेत राहिलेलं कोणी.

वैशाली

*

प्रेषक: श्रीनिवास

चि. वैशाली,

उपक्रम फार मोलाचा आहे. माझं बालपण नैरोबीत गेलं. शाळेत आम्हाला ट्यूडर राजे तोंडपाठ होते, पण किल्वा किंवा मोम्बासाच्या जुन्या बंदरांचा धडा एकही नव्हता. त्यामुळे तुझं म्हणणं मला आतून पटतं.

माझी सूचना अशी, की सुरुवात मलिक अंबरपासून कर. जन्म इथिओपियात, साधारण १५४८ चा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला आणि पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० मध्ये खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. तिथली नहर त्याचीच. जमीनमहसुलाची घडी त्याने बसवली, १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांना एकदम हरवलं, आणि त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. आपल्या मुलांना आफ्रिकेशी आपलं नातं यापेक्षा चांगलं कशातून कळणार?

श्रीनिवासकाका

*

प्रेषक: वैशाली

श्रीनिवासकाका,

मलिक अंबर मला हवाच आहे, पण सुरुवातीला नको. त्याची सगळी कर्तबगारी आफ्रिकेबाहेर घडली आणि गोष्ट सुरू होते ती एका मुलाच्या विक्रीपासून. पहिला धडा तो ठेवला तर मुलांच्या मनात पुन्हा तेच बसेल, की आफ्रिका म्हणजे जिथून माणसं नेली जातात ती जागा. मोठी कामं व्हायची ती दुसरीकडे. तो ज्या मुलखातून आला तो मुलूख आधी उभा राहायला हवा. चौथ्या शतकात अक्सूम या तिथल्या प्राचीन राज्याचा राजा एझाना ख्रिस्ती झाला आणि त्याच्या नाण्यांवर चंद्रकोरीच्या जागी क्रूस आला. इथिओपियातल्याच लालिबेलाची अकरा चर्चं अखंड खडकातून कोरलेली आहेत, त्यातली काही वरून खाली, वेरूळच्या कैलासासारखी. अंबरने ती पाहिली असं म्हणायला काही आधार नाही, आणि धड्यात मी तसं सूचितही करणार नाही. पण त्याची कबर खुलदाबादला आहे, कैलासापासून अगदी जवळ. हे कळल्यावर आपल्या मुलांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहावीत असं मला फार वाटतं. हा धडा सेकंडरीच्या मुलांसाठी वेगळा करू.

आता बेनिनकडे. यातली खरी अडचण तारखांची आहे. अभ्यासक्रम सांगतो ९०० ते १३००. पण बेनिन म्हटल्यावर जी पितळी फलकांची चित्रं सगळीकडे दिसतात, ते फलक सोळाव्या-सतराव्या शतकातले. बरंचसं तयार साहित्य हा फरक गिळून टाकतं आणि नऊशे सालच्या गोष्टीवर सोळाव्या शतकाचं चित्र चिकटवतं. मला तसं करायचं नाही. ९०० ते १३०० साठी आपल्या हातात दोन गोष्टी आहेत: जमिनीत खणलेले खंदक-बांध आणि दरबारात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली राजांची परंपरा – आधी ओगिसो राजे, मग एवेका आणि त्याचं घराणं. लिहिलेला कागद एकही नाही. मग कळतं कसं, हाच पहिल्या दोन तासांचा प्रश्न. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना हा प्रश्न झेपतो, उलट आवडतो.

बेनिन शहराभोवतीचा मुख्य खंदक नंतरचा, पंधराव्या शतकातला. परंपरा त्याचं श्रेय ओबा (म्हणजे बेनिनचा राजा) एवुआरेला देते. तळापासून बांधाच्या माथ्यापर्यंत तो सतरा मीटर भरतो. हा आकडा मी फळ्यावर लिहिणार नाही. मुलांना शाळेच्या इमारतीच्या किती पट, ते मैदानावर मोजायला लावणार आहे.

तिसऱ्या तासाला फलक. एकच घ्यायचा, पूर्ण तास. मध्यभागी ओबा, त्याच्या गळ्यात हनुवटीपर्यंत पोवळ्यांच्या माळा, दोन्ही बाजूंना सेवक. सेवक आकाराने लहान. मुलं लगेच म्हणतात, ‘ती लहान मुलं आहेत.’ मग त्यांना हातातली शस्त्रं, ढाली बघायला सांगायचं, म्हणजे मोठी माणसं लहान का काढली असतील यावर चर्चा आपोआप सुरू होते. मागच्या रिकाम्या जागेत चार पाकळ्यांची पानं कोरलेली आहेत, पाण्याच्या देवतेशी, ओलोकुनशी जोडलेली. काही फलकांवर लांब केसांचे, दाढीवाले पोर्तुगीज आहेत आणि बाजूला पितळी कडी. पोर्तुगीज बेनिनला आले १४८० च्या दशकात. ही कडी वितळवून फलक ओतले जात. २०२३ मध्ये धातूच्या तपासणीतून दिसलं, की त्यातलं बरंचसं पितळ जर्मनीच्या ऱ्हाइनकाठचं होतं. ऱ्हाइनकाठची खाण, पोर्तुगीज जहाज, बेनिनच्या कारागिरांची मूस – एका नकाशावर तीन बाण. हा नकाशा मला कोणीतरी काढून द्या!

आणखी एक. नकाशावर बेनिन शोधायला सांगितलं की मुलं शेजारच्या देशावर बोट ठेवतात. आजचा बेनिन देश म्हणजे पूर्वीचा दाहोमे. त्याने हे नाव घेतलं १९७५ मध्ये. आपलं राज्य नायजेरियाच्या एडो प्रांतात आहे, राजधानी बेनिन सिटी. तिथल्या इगुन रस्त्यावर पितळ ओतणाऱ्यांची घराणी आजही काम करतात आणि ओबाही गादीवर आहे. ‘हरवलेली संस्कृती’ हा मथळा आपल्या कुठल्याही पानावर नको.

वैशाली

*

प्रेषक: राहुल

वैशालीताई,

पालक म्हणून विचारतो. हे फलक लंडनला कसे आले, हे मुलं विचारणारच. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. हे तिला आत्ता सांगावं, की सेकंडरीवर सोडावं? शाळेत वाद होईल का, हीही काळजी आहे.

राहुल

*

प्रेषक: मानसी

राहुलदादा,

मी संग्रहालयात शाळांच्या गटांसोबत काम करते, म्हणून वैशालीच्या आधी मीच लिहिते. मुलं हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारतात, तेव्हा टाळणं शक्यच नाही. सरळ सांगायचं. जानेवारी १८९७ मध्ये ब्रिटिश अधिकारी फिलिप्सची तुकडी, येऊ नका असं कळवलेलं असताना, बेनिनकडे निघाली आणि वाटेत बहुतेक सगळे मारले गेले. फेब्रुवारीत ब्रिटिश फौजेने शहर घेतलं, राजवाडा लुटला, शहर जळालं. ओबा ओवोन्रामवेनला कलबारला हद्दपार केलं. तो तिथेच १९१४ मध्ये वारला. लुटीतल्या हजारो वस्तू विकल्या गेल्या आणि जगभर पांगल्या. ब्रिटिश म्युझियममध्ये आजही बेनिनच्या नऊशेहून अधिक वस्तू आहेत.

नऊ वर्षांच्या मुलाला मृत्यूचे तपशील नकोत. पण कोणी नेलं, कोणाचं होतं आणि आता काय करावं, हे तीन प्रश्न त्याला नक्की झेपतात. आणि गोष्ट लुटीवर संपवायची गरज नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंब्रिजच्या जीझस कॉलेजने पितळी कोंबडा परत केला, त्याच आठवड्यात अ‍ॅबरडीन विद्यापीठाने ओबाचं शिर परत केलं. लंडनच्या हॉर्निमन म्युझियमने नोव्हेंबर २०२२ मध्ये ७२ वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली. ब्रिटिश म्युझियम मात्र संग्रहातल्या वस्तू देऊन टाकण्यावर बंधन घालणाऱ्या १९६३ च्या कायद्याकडे बोट दाखवतं. मुलांना दोन्ही बाजू वाचायला द्या, त्यांना मत बनवता येतं.

वैशाली, क्रमाबद्दल माझा आग्रह: १८९७ शेवटच्या तासाला. ज्यांनी पाच तास त्या फलकाकडे कारागिरी म्हणून पाहिलंय, त्यांनाच काय नेलं गेलं ते समजतं. आणि चित्रं वापरताना प्रत्येक संग्रहालयाच्या अटी तपासून घे. वर्गात दाखवणं वेगळं आणि सगळ्या शाळांसाठी फाइल खुली करणं वेगळं.

काका, मलिक अंबरच्या धड्यासाठी एक वस्तू सुचवते. डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात जहांगीरच्या दरबारी चित्रकाराने, अबुल हसनने काढलेलं चित्र आहे: जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून अंबरच्या छाटलेल्या मस्तकावर बाण मारतोय. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. १६२६ मध्ये वारला तो स्वतंत्रच. बादशहाला हे चित्र का काढून घ्यावंसं वाटलं, एवढ्या एका प्रश्नावर चौदा वर्षांच्या मुलांचा तास निघतो.

मानसी

*

प्रेषक: श्रीनिवास

वैशाली, मानसी,

क्रम पटला. अंबरचा धडा मी मराठीत लिहून देतो, इंग्रजी तुम्ही करा. पूर्व किनाऱ्याचं एक पानही जोडतो: मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३१ मध्ये किल्व्याला गेला होता, तिथपासून. त्या किनाऱ्यावर सापडलेल्या काही काचमण्यांची रासायनिक जात कोकणातल्या चौलच्या मण्यांशी जुळते, त्याचाही उल्लेख असेल. माझ्या ओळखीचे एक एडो गृहस्थ इथल्या चर्चमध्ये आहेत. धडे तपासाल का असं त्यांना विचारतो. आपण लिहिलेलं त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय शाळेत जाऊ नये असं मला वाटतं.

श्रीनिवासकाका

*

प्रेषक: वैशाली

काका, त्या गृहस्थांना नक्की विचारा. ओबांची नावं कशी उच्चारायची तेही त्यांच्याकडून रेकॉर्ड करून मिळालं तर फार बरं होईल, म्हणजे शिक्षकांना वर्गात अडखळायला नको.

राहुल, वाद झाला तर पालकांसाठी एक पानी माहितीपत्रक तयार ठेवू. ते तू लिही. पालकांना काय विचारावंसं वाटतं ते तुला ठाऊक आहे. १८९७ शेवटच्या तासाला, हे ठरलं. नकाशाला अजून कोणी नाव दिलेलं नाही. रविवारी मराठी शाळा सुटल्यावर मागच्या खोलीत बसू, लॅपटॉप आणा.

वैशाली