फिक्सी सायकलला सरळ हँडल: जुना ब्रेक लिव्हर बसत नाही

प्रश्न: रोज फिक्सीवर (एकच गिअर, चाक फिरतंय तोवर पेडलही फिरतं) पुण्यात कोथरूड ते डेक्कन. ड्रॉप हँडलवर (खाली वळलेलं, रेसिंग सायकलसारखं) वाकून मान आखडते, म्हणून सरळ हँडल आणलं. जुना लिव्हर त्यावर बसेना. पेडल रोखूनही वेग कमी होतो, तर ब्रेकच काढून टाकू का?

उत्तर: नाही बसणार. ड्रॉपची नळी साधारण 23.8 मिमी, सरळची 22.2. नवा लिव्हर कॅलिपर ब्रेकचाच (चाकाला वरून चिमट्यासारखा धरणारा, तुमच्यासारखा) घ्या. व्ही-ब्रेकचा (दोन लांब उभ्या भुजांचा ब्रेक) लिव्हर केबल जास्त ओढतो, मग कॅलिपरवर कितीही दाबा, पकड कमीच.

उत्तर: पुढचा ब्रेक अजिबात काढू नका! चांदणी चौकाच्या उतारावर माझी चेन उतरली, पेडल मोकळं फिरायला लागलं. ब्रेकमुळेच वाचलो.
आणि हँडल लगेच कापू नका. मी आठवडाभर चालवून मगच दोन्हीकडून 2 सेंमी कापलं. सरळ हँडलमुळे हात अंगाजवळ येत होते, म्हणून स्टेमही (हँडल धरणारा पुढचा दांडा) 90 मिमीचा 110 केला.

प्रश्नकर्ता: ब्रेक ठेवतो. उद्याच लिव्हर आणतो.