मदत हवी आहे: बाबांचं डायलिसिस चालू, फॉस्फरस उतरत नाही आणि अल्ब्युमिन घसरतंय, खायला काय द्यावं?

नमस्कार मंडळी, बाबा ६४ वर्षांचे, जुना डायबेटीस, आठवड्यातून दोनदा हिमोडायलिसिस चालू आहे. आत्ताचे रिपोर्ट असे: फॉस्फरस ७.१, कॅल्शियम ९.६, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) ३.२, कोलेस्टेरॉल १२८, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.२. टूडी एकोत हार्टचा डावा कप्पा जाड झालाय आणि छातीच्या एक्सरेत महाधमनीच्या कडेला कॅल्शियम साचल्याची पांढरी रेघ दिसते. नातेवाईक कोलेस्टेरॉलचा आकडा बघून म्हणतात हार्ट एकदम मस्त आहे, पण मला त्याचीच जास्त काळजी वाटते कारण नेफ्रोलॉजिस्टनी (किडनीच्या डॉक्टरांनी) नीट समजावलं की डायलिसिसवाल्यांमध्ये कमी कोलेस्टेरॉल म्हणजे बरेचदा शरीराच्या आत दाह (इन्फ्लेमेशन) आणि कुपोषण असतं, अल्ब्युमिन कमी येणं हे पण त्यातलंच, आणि अशा पेशंटना हार्टचा धोका जास्त असतो.

एचबीएवनसीचं पण तसंच. घरी ग्लुकोमीटरवर जेवणानंतर २३०-२४० येते आणि रिपोर्टात ६.२! किडनी फेल झाली की लाल पेशी लवकर मरतात, वरून रक्तवाढीच्या इंजेक्शनने नवीन पेशी तयार होत राहतात त्यामुळे हा आकडा खोटा कमी येतो. ज्यांच्या घरी डायबेटीस + डायलिसिस आहे त्यांनी नुसत्या या आकड्यावर निर्धास्त राहू नका, मीटरची वही ठेवा.

आता मुख्य अडचण. फॉस्फरस जास्त राहिला की रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशी हाडासारख्या वागायला लागतात आणि तिथे कॅल्शियम बसतं, नळ्या कडक होतात, हार्टला जोर लावावा लागतो. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये साधारण ८०० मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस निघतो आणि तेवढा तर माणूस रोज खातो, मग दोन वेळात हिशोब बसणार कसा? म्हणून डॉक्टर म्हणतात तिसरं डायलिसिस वाढवा, मधल्या मोठ्या गॅपमध्ये पाणी आणि पोटॅशियम साठतं ते पण हार्टला वाईट. बाबा ऐकत नाहीत, घरी आले की इतके थकलेले असतात की चप्पल काढायला पण बसावं लागतं, तिसरा दिवस म्हटलं की गप्प होतात.

एकीकडे फॉस्फरस कमी करा, दुसरीकडे प्रोटीन वाढवा. डायटिशियन म्हणाल्या अंड्याचा पांढरा भाग बेस्ट, त्यात प्रोटीन भरपूर आणि फॉस्फरस नावाला. पण बाबा माळकरी, अंडं घरात येत नाही. एकादशीला दाण्याचं कूट घालून खिचडी, सोबत बटाटा, केळं, म्हणजे पोटॅशियम फॉस्फरस दोन्ही आलं. आता भगर करते, बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकून देते, कूट बंद. डाळीतला फॉस्फरस शरीर पूर्ण शोषत नाही म्हणे, खरा घात पाकिटातल्या पदार्थांतला, चीज, कोला, त्यात वरून घातलेला फॉस्फेट जवळजवळ सगळा आत जातो, त्यामुळे वरण मी बंद केलेलं नाही.

अनुभवी लोकांना विचारायचंय:

१. अंडं न खाणाऱ्यांनी अल्ब्युमिन कसं वाढवलं? घरचं पनीर किती चालतं? डायलिसिसवाल्यांची प्रोटीन पावडर कुणी दिली आहे का, चव सहन होते का?

२. जेवणातला फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी कॅल्शियम अॅसिटेट बदलून सेव्हेलॅमर दिलंय, आधीच कॅल्शियम साचलंय म्हणून. पहिल्या घासाबरोबर देते पण पोट फार जड होतं म्हणतात. कुणाला सवय झाली का, किती दिवसांनी?

३. कार्डिओलॉजिस्ट म्हणतात स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) सुरू करा, नेफ्रोलॉजिस्ट म्हणतात डायलिसिसवर आल्यावर नव्याने नको, आधीपासून चालू असती तर ठेवली असती. मी वाचलं, २००५ मध्ये जर्मनीत डायबेटीसवाल्या डायलिसिस पेशंटवर अॅटोरव्हास्टॅटिन या स्टॅटिनच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले, कोलेस्टेरॉल खूप उतरलं पण हार्टच्या घटनांत म्हणावा तसा फरक पडला नाही. तुमच्याकडे दोन डॉक्टरांचं असं वेगळं मत झालं तर दोघांना एकमेकांशी बोलायला कसं लावलं?

४. दोनवरून तीन डायलिसिसला तयार झालेले कुणी आजोबा-काका असतील तर ते कसे तयार झाले आणि थकवा वाढला की कमी झाला, हे प्लीज सविस्तर लिहा, मी बाबांना वाचून दाखवणार आहे. औषधं डॉक्टरांना विचारूनच बदलणार, मला फक्त तुमचा अनुभव हवाय.