सा बदलला की मुलगी अडते, हे रक्तातलं की सवयीचं?

सानिकाचीआई: माझी मुलगी ८ वर्षांची आहे, ४ वर्षांची असल्यापासून गाण्याच्या क्लासला जाते आणि तिथे कायम काळी चारचा (पेटीची चौथी काळी पट्टी) सा असतो. गेल्या आठवड्यात घरी तंबोऱ्याच्या अ‍ॅपवर मी चुकून तिच्या लगतची खालची पट्टी, पांढरी पाच लावली तर ही दोन सेकंदांत कानावर हात ठेवून म्हणे, आई हा सा नाहीये, हा नी आहे! बरं कुकरची शिट्टी, दाराची बेल, सगळ्याचा सूर सांगते आणि पेटीवर बघितलं तर बरोबर निघतो. माझे आजोबा कीर्तनात पेटी वाजवायचे, त्यामुळे सासूबाई म्हणतात रक्तातच आहे. खरंच असं असतं का? आणि मुख्य म्हणजे सा बदलला की ती रडकुंडीला येते, त्याचं काय करू?

रातकिडा: याला अ‍ॅब्सोल्यूट पिच म्हणतात, म्हणजे दुसऱ्या कुठल्या सुराच्या आधाराशिवाय सूर ओळखता येणं. मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच यांनी २००६ मध्ये बीजिंग आणि अमेरिकेतल्या संगीत विद्यार्थ्यांची तुलना केली होती. ४-५ व्या वर्षी शिकायला लागलेल्यांपैकी चिनी मुलांत साधारण ६०% जणांना हे जमलं, अमेरिकन मुलांत १४%. मँडरिनमध्ये 'मा' कुठल्या सुरात म्हणता यावर आई की घोडा ते ठरतं, म्हणजे कान पाळण्यातच तयार होतो. मग लोक म्हणाले जीन्स असतील, पण नंतर त्यांनीच पूर्व आशियाई वंशाची पण ती भाषा नीट न बोलणारी मुलं तपासली, तर ती इतर अमेरिकन मुलांसारखीच निघाली. त्यामुळे माझं मत भाषा आणि वय यांच्याच बाजूने.

जुळ्यांचाबाबा: थांबा, जीन्स इतक्या सहज बाद करू नका. २००१ मध्ये ब्रिटनमधल्या जुळ्यांना ओळखीच्या चाली मुद्दाम चुकीचे सूर घालून ऐकवल्या, तेव्हा चूक पकडण्यातला ७०-८०% फरक आनुवंशिक निघाला. अर्थात ते बेसूर ओळखणं झालं, सुराचं नाव सांगणं वेगळं. आणि संस्कृतीचा हात किती खोल असतो बघा, बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांना ऐकलेले सूर गाऊन दाखवायला सांगितले तर ते आपल्या सप्तकात तोच सूर लावत नाहीत, म्हणजे वरचा सा आणि मधला सा एकच, हे आपल्याला जे इतकं उघड वाटतं ते त्यांना तसं वाटत नाही!

पेटीवाले काका: ताई, मी ४० वर्षं साथ करतोय. आपल्याकडे सा गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे ठरतो, बाईंचा काळी चार तर बुवांचा काळी एक, त्यामुळे नुसता पक्का कान पुरत नाही, प्रत्येक सूर सा पासून किती लांब आहे ते कळायला हवं. तुमच्या लेकीला सा म्हणजे काळी चार असं नावच चिकटलंय. काही दिवस सरगम बंद ठेवा. नवीन पट्टीत तंबोरा लावून आधी दहा मिनिटं नुसतं ऐकू दे, मग आकारात (नुसत्या 'आ'वर) किंवा बंदिशीच्या शब्दांत गाऊ दे. आणि रागावू नका, तिला खरंच तसं ऐकू येतं. मला असाच कान होता, साठीनंतर सगळं अर्धा सूर चढं ऐकू यायला लागलं, चांगल्या ट्यून केलेल्या पेटीवर संशय घ्यायचो.

सानिकाचीआई: काका, खूप खूप आभार. काल पांढरी पाचमध्ये भूप राग नुसता आकारात म्हणून घेतला, एकदाही थांबली नाही. सरगम सुरू केली तशी तिसऱ्या सुराला पुन्हा अडली, पण यावेळी रडली नाही.